काजळचा फोटो: सहा आठवडे तयारी, बारा मिनिटं शूट

ही केस सविस्तर लिहून ठेवतेय कारण दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, ताई रविवारी आमच्या डॉगचं फोटोशूट आहे, अंघोळ शुक्रवारी घालू का शनिवारी. अंघोळ हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड भाग हा की ज्या खोलीत कुत्र्याने कधी पाऊल टाकलेलं नाही तिथे, डोक्यावर मोठे दिवे असताना, अनोळखी माणूस तोंडासमोर काळी नळी धरून बसलेला असताना त्या जिवाला निवांत वाटलं पाहिजे. ते एका दिवसात होत नाही, आणि घाई केली की काय होतं ते काजळच्या घरच्यांनी आधीच भोगलं होतं.

काजळ सात वर्षांची, पूर्ण काळी इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री. गिरगावात चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावर काका-काकूंकडे राहते. चर्नी रोड स्टेशनजवळ भर पावसात काकांच्या मागे मागे आली ती आलीच. तेव्हाच तिच्या कानाचा कोपरा कापलेला होता, म्हणजे नसबंदी झालेली होती. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस झाली की ओळखू यावं म्हणून कानाला ती खूण करतात. काका रोज पहाटे साडेपाचला तिला चौपाटीपर्यंत नेतात, तिथे भरतीच्या पाण्याकडे बघत दोघं दहा मिनिटं बसतात आणि परत येतात. मार्चमध्ये काकांना ७५ पूर्ण होणार होती आणि त्यांच्या मुलीला बाबा आणि काजळ दोघांचा एक नीट, मोठा, फ्रेम करून लावता येईल असा फोटो हवा होता.

पहिला प्रयत्न डिसेंबरमध्येच झालेला. कुठे झाला ते महत्त्वाचं नाही. सकाळी तिला पहिल्यांदाच ग्रूमिंगला नेलं, तिथे ड्रायर, मग नखं कापताना एका नखातून रक्त आलं, वरून सेंटचा स्प्रे, गळ्यात लाल बो, आणि तिथून थेट टॅक्सीने स्टुडिओ. तिथे गेल्या गेल्या फ्लॅश उडायला लागला. काकू सांगत होत्या की ती सारखी जांभया देत होती, ओठ चाटत होती, मान फिरवत होती, आम्हाला वाटलं दमली, झोप आली असेल. जांभई, काही खाल्लेलं नसताना ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग कडेने चंद्रकोरीसारखा दिसणं, हे सगळं कुत्रं म्हणत असतं की मला हे झेपत नाहीये. ते कोणी ऐकलं नाही, ऐकायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं, मग पट्ट्याला धरून तिला बसवलं आणि तिने तिथेच शू केली आणि टेबलाखाली जाऊन थरथरत बसली. काकांनी शूट तिथेच थांबवलं, पैसे गेले ते गेले. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात योग्य काही झालं असेल तर ते काकांनी थांबवणं.

मुलीचा फोन मला जानेवारीच्या मध्यावर आला. मी घरी गेले तर काकू दारातच म्हणाल्या, "ताई, तिला नकोच असेल तर राहू दे हो, फोटोसाठी लेकराला त्रास कशाला." मी म्हटलं काकू, तेच बघायला आलेय, तिला खरंच नको असेल तर मीच तुमच्या मुलीला तसं सांगेन. हे मी मनापासून सांगितलं आणि शेवटपर्यंत ती शक्यता उघडी ठेवली.

तासभर नुसती बसून बघत होते. गॅलरीतून कोणी गेलं की मान वर, शेजारच्यांचा कुकर वाजला तर काही नाही, पण खाली कोणीतरी बाइक सुरू केली आणि सायलेन्सरमधून फट् झालं तर उठून थेट कॉटखाली. दिवाळीत आणि विसर्जनाच्या दिवसांत ती मोरीत जाऊन बसते असं काका म्हणाले. गिरगावातलं घर म्हणजे अर्ध्या मुंबईचे गणपती दाराशीच येऊन चौपाटीला जाणार, त्यामुळे हे दरवर्षीचंच. म्हणजे तिच्या डोक्यात एकदम चमकणं आणि एकदम वाजणं यांचं नातं फटाक्यांशी, आणि स्टुडिओचा फ्लॅश नेमका तेच करतो. दुसरी गोष्ट, ती बसताना पुढचा डावा पाय जरा उचलून ठेवत होती. महिना झाला तरी.

म्हणून पहिलं काम परळ. तिथल्या प्राण्यांच्या हॉस्पिटलला आपल्याकडचे जुने लोक अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, काकाही तेच म्हणाले. डॉक्टरांनी पंजा बघितला तर कापलेल्या नखाच्या मुळाशी सूज होती, औषध दिलं आणि दहा दिवस जिने कमी करा म्हणाले. काळ्या नखांत आतली रक्ताची शीर बाहेरून दिसत नाही, म्हणून ती एकदम कापायची नसतातच, तांदळाच्या दाण्याएवढं कापायचं आणि आठवड्याने परत तेवढंच. हे इथे मुद्दाम लिहितेय कारण कुत्रं फोटोत नीट बसत नाही म्हणून ओरडणारे खूप बघितलेत, पण बसल्यावर त्याचं काही दुखतंय का ते कोणी बघत नाही.

पाय बरा होईपर्यंत आवाजाचं काम सुरू केलं कारण त्याला हलायची गरज नव्हती. मोबाइलवर कॅमेऱ्याच्या शटरचा आवाज घेतला, व्हॉल्यूम एकदम कमी, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आवाज झाला की एका सेकंदात काकू तिला उकडलेल्या चिकनचा चणाडाळीएवढा तुकडा देणार, बिनमिठाचा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग चिकन. सुरुवातीचे दोन दिवस काकू प्रेमाने आधी चिकन पुढे करायच्या आणि मग आवाज लावायच्या, की बिचारी घाबरायला नको. त्याने उलटं होतं, चिकन दिसलं की आता काहीतरी वाजणार असं ती शिकते आणि मग चिकनच नकोसं होतं. काकूंना हे पटायला वेळ लागला, पण एकदा पटलं आणि मग माझ्यापेक्षा त्यांचं टायमिंग छान जमायला लागलं. दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी, बस्स. गुरुवारी त्यांच्याकडे नॉनव्हेज नसतं म्हणून त्या दिवशी पनीर. ट्रीट दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायची असा साधा हिशोब आहे, तेवढं जेवणातून कमी केलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी समोर बसले होते आणि ते झालं ज्याची मी वाट बघत होते. क्लिक वाजलं, काजळचा कान हलला आणि तिने आवाजाकडे न बघता झटकन मान वळवून काकूंच्या हाताकडे बघितलं. आता व्हॉल्यूम वाढवता येतो. त्याआधी नाही, कितीही घाई असली तरी नाही.

मग बाकीच्या गोष्टी घरातल्याच सामानातून. स्टुडिओत दिव्यांपुढे छत्र्या आणि प्रकाश मऊ करणारे मोठाले कापडी डबे, म्हणजे सॉफ्टबॉक्स, असतात, म्हणून बादलीत वाळूची पिशवी ठेवून काठी उभी केली आणि तिला काकांची काळी छत्री उघडून बांधली. पहिले दोन दिवस ती नुसती कोपऱ्यात, काजळ हवं तर वास घेणार, नको तर लांबून जाणार. पाण्याच्या बाटलीवर काळा मोजा चढवून काकांच्या भाच्याने तो डोळ्याला लावून जमिनीवर बसायचं, म्हणजे लेन्स. कुत्र्याला लेन्स म्हणजे न मिटणारा एक मोठा काळा डोळा वाटत असावा असं मला वाटतं. कुत्र्यांच्या भाषेत एकटक बघणं ही धमकी असते, त्यामुळे भाच्याला सांगितलं होतं की सरळ समोरून यायचं नाही, कडेने यायचं, तीन सेकंद बाटली लावायची आणि खाली घ्यायची. प्रकाशासाठी मोबाइलचा टॉर्च, पण कायम भिंतीवर किंवा छताकडे, डोळ्यात कधीच नाही.

तिसऱ्या आठवड्यात सगळं मागे गेलं. संध्याकाळी खाली कुठली तरी वरात, दहा-बारा फटाके, आणि काजळ रात्रभर मोरीत. दुसऱ्या दिवशी क्लिक ऐकून ती उठून गेली. काकांचा चेहरा बघवत नव्हता, म्हणाले, "झालं, आपण परत शून्यावर." शून्यावर नव्हतो, पण दोन दिवस पूर्ण सुट्टी दिली, नुसतं फिरणं, हुंगणं आणि झोपणं, कारण असा धसका बसला की शरीर शांत व्हायला एखाद-दोन दिवस जातात आणि त्या काळात काहीही शिकवायला गेलं की ते भीतीलाच जाऊन चिकटतं. तिसऱ्या दिवशी परत अगदी बारीक आवाजापासून सुरुवात केली आणि चार दिवसांत जिथे होतो तिथे आलो.

आता गोधडी. काकूंच्या जुन्या नऊवारीची गोधडी आहे, काजळ तिच्यावरच झोपते. मला एक अशी जागा हवी होती जी घडी घालून कुठेही नेता येईल आणि जिथे बसलं की काहीतरी छान होतं असं तिला माहीत असेल. म्हणून गोधडी अंथरली, ती स्वतःहून आली की तुकडा, बसली की तुकडा, बसून राहिली की अधूनमधून तुकडा. हाताने ढकलून बसवायचं नाही. उठून गेली तर कोणी हाक मारायची नाही. घरात, मग गॅलरीत, मग खाली चौकात जिथे पोरं क्रिकेट खेळतात, मग चौपाटीवर. चौपाटीवर ती गोधडीवर चार मिनिटं शांत बसली तेव्हा मी मुलीला फोन करून म्हटलं आता तारीख घे.

फोटोग्राफर मी शोधला, लोअर परळला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात त्याचा स्टुडिओ आहे. मुलगा तरुण, पण ऐकून घेणारा. त्याला आधीच सांगितलं की फ्लॅश नको, सतत चालू राहणारे एलईडी दिवे हवेत. दिवे आणि कॅमेरा जो काही बीप करतात तो बंद. सायलेंट शटर, म्हणजे आवाज न करता फोटो काढणं, लावता येतं पण काही एलईडीखाली त्याने फोटोत आडवे पट्टे येतात, म्हणून क्लिकचा आवाज राहणार हे धरूनच आम्ही तयारी केली होती. शूटच्या आठ दिवस आधी काजळला नुसती स्टुडिओ दाखवायला नेली, कॅमेरा नाही, दिवे नाहीत. आणि बरं झालं नेली, कारण तिथली लिफ्ट जाळीच्या दाराची, ते दार असं काही धाडकन लागतं की ती तिथेच मागे सरकली. मग शूटच्या दिवशी जिन्यानेच जायचं ठरलं, तीन मजले, पाय तोपर्यंत बरा झाला होता. त्या दिवशी ती वीस मिनिटं गाळ्यात सगळीकडे हुंगत फिरली, फोटोग्राफर पाठ करून जमिनीवर बसला होता, शेवटी तिने जाऊन त्याचा खिसा हुंगला. त्याची एक जुनी चादर आम्ही घरी आणली आणि गोधडीशेजारी ठेवून दिली, वासाची ओळख राहावी म्हणून.

काळ्या कुत्र्याचा फोटो हा वेगळाच विषय आहे आणि घरच्यांनीही तो समजून घेतला पाहिजे, कारण कपडे, मागचा रंग, गळ्यातला पट्टा हे सगळं घरचेच ठरवतात. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोर दिसेल ते मधल्या करड्या रंगावर आणायला बघतो, त्यामुळे काळं कुत्रं फ्रेमभर असलं की फोटो पांढुरका पडतो, आणि फार खाली आणलं तर डोळे-नाक सगळं एका काळ्या डागात जातं. समोरून फ्लॅश मारला तर डोळे हिरवट चमकतात, कारण कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. म्हणून मोठा मऊ दिवा एका बाजूने आणि एक छोटा मागून, म्हणजे पाठीची आणि कानांची कड उजळते आणि केस दिसतात. मागे पांढरा नको, काळा तर नकोच, फोटोग्राफरने मोहरीच्या फुलासारखा पिवळा कागद सुचवला आणि तो अगदी बरोबर निघाला. काकांना पांढरा सदरा घालायचा होता, पण अंगावरच काजळ असेल तर पांढरा आणि काळा एका फ्रेममध्ये सांभाळणं कठीण जातं, म्हणून फिकट निळा.

काकूंना तिच्या गळ्यात काहीतरी हवंच होतं. लाल बोची आठवण नको म्हणून मी सुचवलं खणाचा पट्टा, ब्लाउजपीसमधून उरलेला हिरवा खण, काकूंनी स्वतः शिवला, आतून मऊ सुती अस्तर लावलं. दहा दिवस आधीपासून रोज थोडा वेळ घातला. नवीन वस्तू त्या दिवशीच पहिल्यांदा चढवली की कुत्रं सगळा वेळ ती खाजवत बसतं.

अंघोळ गुरुवारी, शूट रविवारी. दोन-तीन दिवस मध्ये गेले की केस बसतात आणि कातडीचं तेल परत येऊन अंगाची चमक येते. शाम्पू कुत्र्यांचाच, आपली त्वचा त्यांच्यापेक्षा जास्त आम्लधर्मी असते त्यामुळे आपला शाम्पू त्यांना कोरडा पडतो. मोरीत कोमट पाणी, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, टॉवेलने पुसून गॅलरीत उन्हात. काकू म्हणाल्या थोडं खोबरेल लावते, चमकेल. मी नको म्हटलं, धूळ चिकटते आणि दिव्याखाली केसांचे पुंजके दिसतात, शिवाय ती चाटत बसणार. त्यापेक्षा रोज पाच मिनिटं रबराचा ब्रश आणि शेवटी जुन्या सुती लुगड्याच्या ओलसर फडक्याने अंग पुसायचं. सेंट अजिबात नाही.

रविवारी पहाटेचं फिरणं नेहमीपेक्षा लांब. सात वाजता अर्धं जेवण, उरलेलं शूटनंतर, म्हणजे टॅक्सीत उलटी नको आणि चिकनची भूकही राहते. ओळखीचा टॅक्सीवाला, खिडकी अर्धी उघडी. स्टुडिओच्या खाली परत पाच मिनिटं चालवून शू करून मग वर.

आत गेल्यावर आम्ही कागदावर गोधडी अंथरली. फोटोग्राफर जरा अडखळला, म्हणाला फ्रेममध्ये गोधडी दिसणार, मी कागद मुद्दाम साफ ठेवलाय. त्याला कागदावर काजळचा पाय कसा सटकतो ते दाखवलं, पाय सटकला की कुत्रं अंग आखडून बसतं आणि ते आखडणं चेहऱ्यावर येतं. गोधडी राहिली. काका कमी उंचीच्या पाटावर बसले, लीश, म्हणजे पट्ट्याची दोरी, पातळ, त्यांच्याच हातात, ती नंतर फोटोतून काढता येते. पहिली पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा हातातच घेतला नाही, काका तिच्याशी पुटपुटत होते, रोज चौपाटीवर बोलतात तसंच.

प्रत्यक्ष शूट बारा मिनिटं. फोटोग्राफर पोटावर आडवा, लेन्स काजळच्या डोळ्यांच्या उंचीला. दोनदा ती उठून खिडकीपाशी गेली, दोन्ही वेळा कोणी काही बोललं नाही, कॅमेरा खाली, आणि दोन्ही वेळा ती स्वतःच परत गोधडीवर आली. दुसऱ्यांदा ती येत होती तेव्हा काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. कान उभे करून बघावं म्हणून लोक पिपाणीसारखी वाजणारी खेळणी सारखी वाजवतात, पण कुठलाही आवाज दोन-तीनदाच चालतो, मग त्याची मजा संपते. आम्ही घरचा बिस्किटांचा स्टीलचा डबा नेला होता. काकूंनी लेन्सच्या मागे उभं राहून झाकण एकदा नुसतं खुट् केलं. काजळने धापा टाकणं थांबवून तोंड मिटलं, कान पुढे, मान किंचित तिरकी, आणि काका तिच्याकडे बघून हसले. तो फोटो. त्यानंतर पाच-सहा क्लिक झाले असतील, मग तिने एकदा ओठ चाटले आणि मान बाजूला केली. मी म्हटलं बास. फोटोग्राफरला अजून एक अँगल हवा होता, तो नाही घेतला.

एडिटिंगच्या वेळी त्याने विचारलं कानाचा कोपरा भरून देऊ का, सहज होईल. मुलीने बाबांना फोन लावला. काका म्हणाले, "तो कान तसाच ठेव, ती माझ्याकडे आली तेव्हा अशीच होती."

पुढच्या वेळी मी काय वेगळं करेन तर लिफ्टची चौकशी आधी फोनवर करेन, आणि फटाक्यांसारखा दिवस आलाच तर हाताशी असावा म्हणून सहाऐवजी आठ आठवडे मागेन. एक गोष्ट मी आधी लक्षात घ्यायला हवी होती ती अशी, की आता घरात कोणीही मोबाइलने फोटो काढला आणि क्लिक वाजलं की काजळ जाऊन गोधडीवर बसते आणि काकूंकडे बघते. शिकवलेलं आपोआप बंद होत नाही. काकूंना सांगितलंय की प्रत्येक वेळी चिकनच पाहिजे असं नाही, काकडीचा किंवा गाजराचा तुकडा चालेल, पण ती येऊन बसली तर हात रिकामा ठेवू नका. परवा गेले होते तेव्हा फ्रिजमध्ये काकडीच्या फोडींचा वेगळा डबा होता, वर कागद चिकटवून काकांनी लिहिलेलं: काजळ.